भंगारवाला घेत नाही, त्याची फरशी

स्वच्छ सर्वेक्षणाच्या निकालात मध्यंतरी एक मजेची गोष्ट घडली. एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत देशातला पहिला क्रमांक २०२० साली कराडला मिळाला, २०२१ साली विट्याला आणि २०२२ साली पाचगणीला. कराड आणि पाचगणी सातारा जिल्ह्यातली, विटा सांगली जिल्ह्यातले. देशभरातली शेकडो लहान शहरे स्पर्धेत असताना हा मान ओळीने तीन वर्षे शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत राहिला. तशी या भागाला झाडूची ओळख जुनीच. ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू करणारे आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, आणि गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय कराडात १९५४ पासून आहे.

पहिला क्रमांक आला, सत्कार झाले, चौकाचौकात फलक लागले. पण गाव झाडून काढल्यावर केराची टोपली जाते कुठे, हा प्रश्न घरातल्या बाईला रोज पडतो, तसाच तो नगरपालिकेलाही पडतो. पाचगणीने त्याचे एक उत्तर दिले. जिथे पूर्वी गावाचा कचरा पडत असे, त्याच जागी प्रक्रिया सुरू करून बाग केली आणि त्या जागेला ‘स्वच्छ भारत पॉइंट’ असे नाव दिले. टेबललँड पाहायला आलेली मंडळी आता कचऱ्याची जागाही पाहून जातात. ओल्या कचऱ्याचे खत होते, हे तर आता शाळकरी मुलेही सांगतील. अडते ते सुक्यापाशी, आणि सुक्यातही एका विशिष्ट जातीच्या प्लॅस्टिकपाशी.

ही जात ओळखायची असेल तर भंगारवाल्याला विचारावे. त्याच्याइतका प्लॅस्टिकचा जाणकार दुसरा नाही. शॅम्पूची रिकामी बाटली, तुटकी बादली, तेलाचा डबा, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या तो घेतो. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांतून निघालेल्या ठिबकच्या जुन्या नळ्यांनाही गिऱ्हाईक असते. पाण्याच्या बाटल्यांचा तर वेगळा बाजारच आहे. मात्र वेफर्सची चकचकीत पुडी, बिस्किटाचे वेष्टन, सॉसची चिमुकली पाकिटे, शॅम्पूचे एक रुपयाचे पाऊच, आणि महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही पानटपरीभोवती सापडणाऱ्या गुटख्याच्या पुड्या पुढे केल्या, की तो हात आखडता घेतो. कारण सोपे आहे. अशा पुडीत दोन-तीन जातींच्या प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यात कधी अॅल्युमिनियमचा मुलामा. हे पापुद्रे सुटे करायचा खर्च त्यातून निघणाऱ्या मालापेक्षा जास्त. शिवाय पुडी इतकी हलकी, की दिवसभर वेचली तरी पोते भरते पण काटा हलत नाही. जो कष्टकरी किलोच्या भावावर पोट भरतो, तो तिच्याकडे पाहणार तरी कसा?

मग तिचे होते काय? वाऱ्याने उडून ती गटारात जाते, पावसाळ्यात गटार तुंबवते, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत, कोयनेत, वारणेत. नाहीतर जळते. थंडीत शेकोटीत, चूल पेटत नसली की चुलीत, आणि उन्हाळ्यात डेपोवर. ओला सरपण पेटवायला प्लॅस्टिकचा तुकडा लावायची सवय आपल्याकडे किती घरांत आहे, हे सांगायला नको. आणि तो धूर सर्वांत आधी फुंकर मारणाऱ्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीत जातो. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आणली. कॅरीबॅग, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची ताटे त्यात आली. खाऊची पुडी आली नाही. ती कायदेशीर आहे, दारोदार आहे, आणि तिला वाली नाही.

या अनाथ पुडीला वाली मिळवून देण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांतला एक म्हणजे फरशी. प्लॅस्टिक वितळवून, त्यात वाळू कालवून, साच्यात दाबून बनवलेली लादी किंवा ब्लॉक. देशात ठिकठिकाणी लहान कारखाने असे ब्लॉक बनवू लागले आहेत. ऐकायला ही युक्ती फार सोपी वाटते, आणि तिथेच थोडे थांबायला हवे.

आधी कृती पाहू. गोळा केलेले प्लॅस्टिक निवडायचे, धुवायचे, खडखडीत वाळवायचे. पाणी राहिले तर वितळताना वाफ होऊन लादीत पोकळ्या राहतात. मग यंत्रात त्याचे बारीक तुकडे करायचे, ते तापवायचे, एक भाग प्लॅस्टिकला साधारण तीन भाग चाळलेली कोरडी वाळू या हिशेबाने मिसळायचे. पुरणासारखा घट्ट, काळपट गोळा होतो. तो गरम असतानाच साच्यात घालून दाबयंत्राखाली दाबायचा आणि थंड करायचा. सिमेंटच्या ब्लॉकवर बरेच दिवस पाणी मारावे लागते. हा तासाभरात हातात येतो. यात सिमेंट नाही, मुरवणे नाही.

खरी गोम निवडण्यात आहे. पातळ पिशवीचे प्लॅस्टिक ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पोत्याचे आणि डब्याच्या झाकणाचे १६० च्या पुढे, तर पाण्याच्या बाटलीचे जवळजवळ २५० अंशांना. सगळे एका कढईत टाकणे म्हणजे साबुदाणा आणि हरभरे एकाच भांड्यात शिजवणे. बाटली विरघळेपर्यंत पिशवी जळून धूर करू लागते. म्हणून बाटल्या आधीच बाजूला काढायच्या. त्यांना भाव आहे, त्या भंगारवाल्याकडेच जाव्यात. चकचकीत पुड्या पिशव्यांच्या प्लॅस्टिकमध्ये बेताने मिसळायच्या, नाहीतर लादी भुसभुशीत होते. आणि एक वस्तू चुकूनही आत जाऊ द्यायची नाही, ती म्हणजे पीव्हीसी. पाइपचे तुकडे, रेक्झिन, आणि आपल्या गावागावांतले वाढदिवसाचे फ्लेक्स! फ्लेक्सच्या कापडावर पीव्हीसीचाच लेप असतो. तो तापला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतो. जळला तर त्याहून विषारी वायू. नेत्यांचे वाढदिवस ज्या प्रमाणात आपल्याकडे साजरे होतात ते पाहता, या फलकांचे करायचे काय, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. फरशीत मात्र ते नकोत.

लोखंडी पिंप, खाली जाळ, वरून काठीने ढवळणारा माणूस, अशीही ही फरशी होते. आफ्रिकेत कामेरून देशात याच साध्या पद्धतीने काम सुरू झाले आणि २०१७ साली ‘वेस्टएड’ या ब्रिटिश संस्थेने त्यावर सचित्र मार्गदर्शिका काढली. तिथे कचरा उचलणारी यंत्रणाच नव्हती. उघड्यावर जाळण्यापेक्षा हे बरे, असा तो हिशेब. आपल्याकडे, जिथे घंटागाडी दारात येते, तिथे पिंपाची पद्धत चालवून घ्यायचे कारण नाही. बंद यंत्र, तापमान दाखवणारा काटा, धूर ओढून घेणारी नळी आणि कामगाराच्या तोंडाला नीट मुखवटा, एवढे नसेल तर डेपोवरचा धूर शेडमध्ये आणला, इतकेच होईल.

हे काम बंदिस्तपणे आणि धंद्याच्या रीतीने करता येते, हे नैरोबीच्या एन्झांबी माटी या तरुण अभियंता बाईने दाखवले. नोकरी सोडून २०१७ साली तिने आईच्या घरामागच्या आवारात प्रयोग सुरू केले, यंत्रे स्वतः आखली, आणि फरसबंदीचे रंगीत ब्लॉक बनवणारा ‘जेंगे मेकर्स’ हा उद्योग उभा केला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा तरुणांसाठीचा पुरस्कार तिला २०२० मध्ये मिळाला. बाजार ज्याला हात लावत नाही, तेच प्लॅस्टिक उचलायचे हे तिचे धोरण.

आपल्याकडचे नाव घ्यायचे तर मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांचे. रस्त्याच्या तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे तुकडे भुरभुरले, की खडीच्या कणाकणावर त्याचा लेप बसतो आणि मग डांबर घट्ट धरते, ही पद्धत त्यांची. २००२ साली महाविद्यालयाच्या आवारात त्यांनी तसा रस्ता केला, पुढे पेटंट घेतले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ साली या पद्धतीचे नियम छापले. आपल्या कोकणात वेंगुर्ला नगरपालिकेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून प्लॅस्टिकचे तुकडे रस्त्यासाठी वापरले, ते याच वाटेने. वासुदेवन यांनी दगडाचे तुकडे आणि प्लॅस्टिक यांची लादीही बनवली, तिला नाव दिले ‘प्लॅस्टोन’. एका लादीत सुमारे ३०० कॅरीबॅगा आणि पाण्याच्या सहा बाटल्या जिरतात, असे त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते.

आता विट्यापुरता एक घरगुती हिशेब मांडून पाहू. तो अंदाजाचा आहे, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे. वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, सहा जाड असा ब्लॉक धरला तर त्याचे वजन दोन किलोच्या आसपास भरेल. त्यात चौथा हिस्सा प्लॅस्टिक, म्हणजे अर्धा किलो. एक चौरस मीटर जागेला असे ५० ब्लॉक लागतात, म्हणजे २५ किलो प्लॅस्टिक. एक रिकामी पुडी किंवा पातळ पिशवी तीन ग्रॅमची धरली, तर देवघराएवढ्या त्या जागेत आठ हजारांहून अधिक पुड्या जातात. विट्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४८ हजार होती. माणशी रोज दोनच पुड्या धरा. दिवसाला पावणेतीनशे-तीनशे किलो माल, त्यातून अकरा-साडेअकरा चौरस मीटर फरशी. वर्षाला एक एकराहून थोडी जास्त.

दर वर्षी एक एकर! हा आकडा दोन्ही बाजूंनी बोलतो. एका तालुक्याच्या गावाचा हलका कचरा एका शेडमध्ये जिरू शकतो, हे खरे. आणि दर वर्षी एक एकर फरशी घालायला जागा कुठून आणायची, हेही खरे. बाजारतळ झाला, एसटी स्टँड झाले, शाळांची आवारे झाली, पुढे काय? पेव्हर ब्लॉकची हौस आपल्याकडे आधीच उतू चालली आहे. आमदार निधी आला की मंदिरापुढे पेव्हर, वित्त आयोगाचा पैसा आला की गल्लीत पेव्हर. वडाच्या बुंध्याला अगदी गळफास लावल्यासारखे ब्लॉक बसवलेले आपण पाहतोच. कचरा जिरवायचा म्हणून आणखी माती झाकायची, हा उलटा न्याय होईल. सिमेंटचा ब्लॉक जिथे बसणारच होता, तिथे त्याच्याऐवजी प्लॅस्टिकचा बसला, तर तो फायदा.

आणि वाळू? त्या एका एकरासाठी वर्षाला तीनशे टनांच्या वर वाळू लागेल, म्हणजे तीस-बत्तीस ट्रक. विटेकरांना वाळूचे मोल बाहेरच्या माणसाने सांगू नये. त्यांच्याच खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते आणि विहिरी कोरड्या पडत होत्या. तेव्हा मुक्ती संघर्ष चळवळीने विचारले, की वाळू आमच्या नदीची, तर पैसा ठेकेदाराचा का? मोजकीच वाळू विकायची, त्या पैशातून धरण बांधायचे आणि पाणी सर्वांना सारखे वाटायचे, असा त्यांचा आग्रह होता. त्या तालुक्यात पर्यावरणाच्या नावाने चालवलेल्या कारखान्याने नदीची वाळू उपसली, तर त्याहून मोठी विसंगती नसेल. सुदैवाने त्याची गरज नाही. खडी क्रशरवर पडणारी कच आहे. कोल्हापूरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात फौंड्र्या आहेत, किर्लोस्करवाडीत तर १९१० पासून लोखंडाचे काम चालते. ओतकामात वापरून निकामी झालेली वाळू टाकायची कुठे, ही त्या धंद्याची जुनी डोकेदुखी. तिच्यात रसायनांचे अंश असतात, ते तपासून घ्यावे लागतील. पण तपासून घेतली तर टाकाऊ प्लॅस्टिकला टाकाऊ वाळूची जोड मिळते.

ही फरशी कुठे घालावी, यावरही थोडे बोलायला हवे. ती सहज फुटत नाही, पडली तर टवका उडत नाही, पाणी पीत नाही. शाळेची पायवाट, बागेतला रस्ता, बस थांबा, स्वच्छतागृहाच्या भोवतालची जागा, जनावरांच्या गोठ्याबाहेरची चिखलाची पट्टी, अशा ठिकाणी ती शोभेल. पण उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जिथून जातो, तिथे नको. प्लॅस्टिक सतत ओझ्याखाली हळूहळू दबते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात काळी पृष्ठे ६० अंशांच्या पुढे तापतात. होळीच्या चौकात तर मुळीच नको! शेणी पेटल्या की खालची फरशीच नैवेद्याला जायची. चुलीजवळ नको, आचाऱ्याच्या भट्टीखाली नको. वाईच्या, मेणवलीच्या किंवा संगम माहुलीच्या घाटांवर काय घालावे, हे विचारायचीही गरज नाही. तिथे पाथरवटांनी काळा दगड बसवून ठेवला आहे, त्याला शतके उलटली आणि पावसाळ्यागणिक पूर पाहिले.

पुराचा उल्लेख निघाला म्हणून आणखी एक. फरशी झिजते, आणि प्लॅस्टिकची झिजली तर तिचा कण न कण प्लॅस्टिकच असतो. उन्हाने वरचा थर ठिसूळ होतो, पायांखाली घासला जातो, पावसात वाहून जातो. काजळी मिसळून आणि वाळूचे प्रमाण चांगले ठेवून ही झीज कमी करता येते, पूर्ण थांबवता येत नाही. नदीकाठी ती घालायची नाही, एवढे पथ्य तरी पाळावेच लागेल. सिमेंटच्या ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे. त्यात नुसत्या चालण्याच्या जागेला किती जाडी आणि किती ताकद, वाहनांच्या जागेला किती, हे सारे लिहिलेले आहे. पण ते काँक्रीटचे मानक. उष्णतेत मऊ होणे, जळणे, झिजून कण सुटणे, या प्लॅस्टिकच्या खोडींची परीक्षा त्यात कशी असणार? गिऱ्हाइकाने ब्लॉक विकणाऱ्याला नुसता दाबाचा दाखला न मागता या तिन्ही गोष्टी विचाराव्यात.

हा व्यवसाय बचत गटांनी करावा, अशी सूचना कुठल्याही सभेत हमखास येते आणि टाळ्या घेते. येऊ दे. पण तापलेल्या यंत्रापेक्षा निवडण्याच्या टेबलावर जास्त हात लागतात, आणि ते हात बहुधा बायकांचेच असतात. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली, तेव्हापासून तिने एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे: कचरा निवडणे हे कसबाचे काम आहे आणि त्याला मजुरी पडली पाहिजे. हलक्या पुड्यांच्या बाबतीत हे दुप्पट खरे, कारण त्यांच्या वजनातून मजुरी कधीच सुटणार नाही. ती ब्लॉकच्या किमतीतून किंवा पुडी बाजारात आणणाऱ्या कंपनीकडून यावी लागेल. उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, असे २०१६ चे प्लॅस्टिक कचऱ्याचे नियम म्हणतात, आणि २०२२ मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. तो पैसा कंपन्यांच्या हिशेबवहीतून विट्याच्या निवड-टेबलापर्यंत पोचवणे हे मुख्याधिकाऱ्यांच्या चिकाटीचे काम आहे. दुसरी अडचण सरकारी दरसूचीची. जी वस्तू दरसूचीत नसते, ती अंदाजपत्रकात बसवताना कनिष्ठ अभियंत्याला घाम फुटतो, आणि नगरपालिकाच आपल्या फरशीची गिऱ्हाईक झाली नाही तर शेडमध्ये ब्लॉकांच्या थप्प्या लागतील.

शेवटी सगळे येऊन थांबते ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांना लोंबणारे प्लॅस्टिक ज्यांनी पाहिले, त्यांना वाटले असेल की याची फरशी का करू नये? करता येत नाही. चिखलात लडबडलेले, दहा जातींचे, फाटके प्लॅस्टिक निवडायला आणि धुवायला इतके पाणी आणि इतके हात लागतात की फरशी सोन्याच्या भावाची होईल. फरशीला लागते ते नदीपर्यंत न गेलेले प्लॅस्टिक. पुडी रिकामी झाली की झटकून, तेलकट असेल तर पुसून, कोरड्या पिशवीत वेगळी टाकायची आणि पिशवी भरली की घंटागाडीच्या सुक्या कप्प्यात द्यायची. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, अर्धवट कापून तसाच जोडलेला ठेवायचा. तो तुटलेला तिकोनी तुकडा कुठल्याच चाळणीत सापडत नाही. मोरीतून निघतो तो थेट ओढ्याला लागतो.